हिरव्या पाण्यात डोकावलेला कापड दुकानदार

असं समजा, विट्यात तुमच्या घरचं कापडाचं दुकान आहे. तुम्ही कॉलेजची पायरी चढलेले नाही. इंग्रजी येत नाही. दुकान सांभाळून नगरपालिकेत एक छोटीशी नोकरी करता. आणि एक दिवस तुम्ही थेट लंडनच्या नामांकित विज्ञान संस्थेला मराठीत पत्र लिहून कळवता की, गावाजवळच्या तळ्याच्या पाण्यात मला असे जीव दिसलेत, जे आजवर कुणीच पाहिलेले नाहीत. पुढं काय होईल? घरचे हसतील, मित्र मीम बनवतील आणि पत्राला उत्तर येणार नाही, असंच तुम्हाला वाटेल ना?

साडेतीनशे वर्षांपूर्वी अगदी असंच पत्र एका कापड दुकानदारानं लिहिलं होतं. त्याचं नाव अँटनी व्हॅन ल्यूवेनहॉक. शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर दोन ओळी असतात: त्यानं सूक्ष्मजीव पाहिले, त्याला सूक्ष्मजीवशास्त्राचा जनक म्हणतात. परीक्षेला एक मार्क मिळतो आणि आपण पुढं जातो. पण या माणसाची गोष्ट एका मार्काची नाही. आणि तिची सुरुवात होते ती तुमच्या-आमच्या ओळखीच्या एका गोष्टीपासून. उन्हाळ्यात हिरव्या होणाऱ्या पाण्यापासून.

जत, आटपाडी, तासगावकडं शेततळी बघितलीत? एप्रिल-मे आला की पाणी हिरवंगार होतं. आपण म्हणतो, शेवाळ धरलं. पण शेवाळ म्हटल्यावर डोळ्यांपुढं येतात ते पावसाळ्यात पाय घसरवणाऱ्या पायऱ्यांवरचे हिरवे थर, नाहीतर हाताला लागणारे लांब धागे. शेततळ्यातलं हे हिरवं पाणी ओंजळीत घेतलं, तर हाताला काहीच लागत नाही. कारण त्यातला एकेक जीव म्हणजे फक्त एक पेशी. तीच त्याचं तोंड, तीच पोट, तीच स्वयंपाकघर. यांना म्हणायचं एकपेशीय शैवाल. त्यांचे अनेक गट आहेत, आणि त्यांतल्या काहींची जगाला पहिली ओळख करून दिली ती आपल्या या दुकानदारानं.

धागे मोजणारा पोरगा

ल्यूवेनहॉकचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ चा, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा. म्हणजे आपल्याकडं शिवाजी महाराजांचा जन्म होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती, तेव्हाचा. वडील टोपल्या विणायचे. अँटनी सहा वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा ते वारले. आईनं पुन्हा लग्न केलं. पोराला आधी दुसऱ्या गावच्या शाळेत आणि मग काकांकडं ठेवलं. सोळाव्या वर्षी त्याची रवानगी झाली अ‍ॅमस्टरडॅमला, एका कापड व्यापाऱ्याकडं उमेदवारी करायला. तिथं तो हिशेब लिहायला शिकला आणि कापड पारखायला शिकला.

कापड पारखायचं म्हणजे काय, हे इचलकरंजी-विट्याच्या यंत्रमागवाल्यांच्या घरातल्या पोरांना सांगायला नको. एका इंचात उभे-आडवे धागे किती, वीण किती दाट, यावर कापडाचा भाव ठरतो. हे धागे मोजायला व्यापारी छोटं भिंग वापरायचे. भिंगाशी त्याची गाठ पडली ती या व्यवसायातून, असं मानलं जातं.

१६५४ मध्ये तो डेल्फ्टला परतला, लग्न केलं, स्वतःचं दुकान टाकलं. १६६० मध्ये गावच्या नगरभवनात नोकरी मिळाली. काम साहेबांच्या दालनाची देखभाल करायचं. पुढं १६६९ मध्ये त्यानं जमीन मोजणीची परीक्षा दिली आणि तो अधिकृत मोजणीदार झाला. आणखी दहा वर्षांनी गावात येणाऱ्या दारूच्या पिंपांची मापं तपासायचं काम त्याच्याकडं आलं. धागे, जमीन, पिंपं. जन्मभर हा माणूस काही ना काही मोजतच होता. ही सवय लक्षात ठेवा, पुढं ती कामाला येते.

घरचं आयुष्य मात्र सोपं नव्हतं. पाच मुलांपैकी मारिया नावाची एकच मुलगी जगली. १६६६ मध्ये पहिली बायको गेली. दुसरं लग्न केलं, तीही त्याच्या आधी गेली. म्हातारपणी त्याच्यासोबत उरली ती मारियाच.

वाटाण्याहून लहान भिंग

तेव्हा सूक्ष्मदर्शक नव्हते असं नाही. १६६५ मध्ये लंडनच्या रॉबर्ट हूकनं मायक्रोग्राफिया नावाचा सचित्र ग्रंथ काढला आणि तो गाजला. पेशी हा शब्द ज्या इंग्रजी शब्दावरून आला, तो हूकनंच बुचाच्या पातळ कापावरून दिलेला. पण तेव्हाचे दोन-तीन भिंगांचे सूक्ष्मदर्शक फार मोठं करायला गेलं की चित्र अंधूक दाखवायचे, कडेला रंगीत झालर दिसायची.

ल्यूवेनहॉकनं दुसरी वाट धरली. एकच भिंग, पण इतकं छोटं आणि इतकं नीट की काही विचारू नका. वाटाण्याहून कितीतरी लहान. ते तो दोन छोट्या धातूच्या पट्ट्यांमध्ये बसवायचा. समोर एक टोकदार सुई, सुई पुढं-मागं करायला स्क्रू. सगळं उपकरण तळहातावर मावेल एवढंच. पाणी बघायचं तर काचेच्या बारीक नळीत भरून सुईला चिकटवायचं, उपकरण डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि उजेडाकडं तोंड करून बघायचं. आज शिल्लक असलेल्या त्याच्या उपकरणांपैकी सगळ्यात ताकदीचं वस्तू सुमारे २६६ पट मोठी दाखवतं. तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक साधारण ४०० पटींपर्यंत जातो. त्यानं तेव्हा हातानं घडवलेलं भिंग कुठवर पोहोचलं होतं, याचा अंदाज करा.

गावात रेग्नियर द ग्राफ नावाचा एक तरुण डॉक्टर होता. त्यानं १६७३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला ल्यूवेनहॉकबद्दल कळवलं. तिथून पत्रव्यवहार सुरू झाला आणि तो पुढची पन्नास वर्षं चालला. ल्यूवेनहॉकला ना लॅटिन येत होतं, ना इंग्रजी. विद्वानांची भाषा तेव्हा लॅटिन. हा आपल्या डच भाषेतच लिहायचा, गावात गप्पा माराव्यात तसा. लंडनवाले भाषांतर करून घ्यायचे. चित्रं काढता येत नव्हती, म्हणून त्यानं चित्रकार कामाला ठेवला. एखादी गोष्ट येत नाही म्हणून त्यानं काम अडू दिलं नाही.

तळ्यातले हिरवे ढग

१६७४ चा उन्हाळा. डेल्फ्टपासून काही तासांच्या अंतरावर एक तळं होतं. हिवाळ्यात त्याचं पाणी स्वच्छ असायचं, पण उन्हाळ्यात पांढुरकं व्हायचं आणि त्यात हिरवे ढग तरंगायचे. आसपासच्या लोकांना वाटायचं, हे दवामुळं होतं. ल्यूवेनहॉकनं वाद घातला नाही. थोडं पाणी काचेच्या बाटलीत भरून आणलं आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरलं.

त्यात केसाएवढ्या जाडीचे हिरवे, वळसे घेत गेलेले पट्टे होते. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे स्पायरोगायरा, तुम्ही अकरावीत चित्र काढलंय तेच. त्यांच्यामध्ये असंख्य बारीक जीव इकडून तिकडं पळत होते. त्यातल्या काहींचा मधला भाग हिरवा आणि दोन्ही टोकं पांढरट. हे वर्णन युग्लीनाशी जुळतं, असं मानलं जातं. ७ सप्टेंबर १६७४ च्या पत्रात त्यानं हे सगळं लंडनला कळवलं. चीजमध्ये होणाऱ्या किड्यांशी तुलना करून हे जीव त्यांच्याहून हजार पटींनी लहान असल्याचा हिशेबही दिला. मोजणीदार तो मोजणीदारच.

आता युग्लीनाचा गट ओळखून घ्या. पेशीला टणक भिंत नाही. तिच्याऐवजी लवचीक पट्ट्यांचं आवरण, म्हणून तो अंग आकसून, लांबवून चालतो. पुढं एक लांब शेपटीसारखा धागा, पुस्तकी भाषेत कशाभिका, तिच्या जोरावर तो पोहतो. जवळच एक लाल ठिपका, त्याच्या मदतीनं उजेड कुठून येतो हे त्याला कळतं. आत हिरवी हरितलवकं. उजेड असेल तर झाडासारखं स्वतःचं अन्न स्वतः बनवतो, नसेल तर पाण्यातलं तयार अन्न शोषून घेतो. मग याला वनस्पती म्हणायचं की प्राणी?

ल्यूवेनहॉकनं सरळ प्राणीच म्हटलं. पळतंय म्हणजे प्राणी. त्याला दोष देता येणार नाही, कारण हिरवा रंग नेमकं काय काम करतो हेच तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. हिरवे भाग उजेडात प्राणवायू सोडतात, हे यान इंगेनहाउझ या दुसऱ्या डच माणसानं दाखवलं ते १७७९ मध्ये. ल्यूवेनहॉकच्या पत्रानंतर तब्बल १०५ वर्षांनी.

कुणी विश्वासच ठेवेना

१६७६ मध्ये त्यानं आणखी लांबलचक पत्र पाठवलं. पावसाचं पाणी, विहिरीचं पाणी, मिरी भिजत घातलेलं पाणी, सगळीकडं बारीक जीव सापडल्याचं त्यात होतं. एका थेंबात किती, तर लाखोंच्या हिशेबात. आता मात्र लंडनमध्ये भुवया उंचावल्या. कुठला कोण दुकानदार, ना पदवी, ना विद्यापीठ, आणि म्हणतो थेंबात लाखो प्राणी!

इथं आपल्यापैकी कुणी असतं तर चिडून गप्प बसलं असतं. त्यानं काय केलं? गावातल्या धर्मगुरूंना आणि इतर प्रतिष्ठित लोकांना घरी बोलावलं, त्यांना भिंगातून पाणी दाखवलं आणि आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं अशी त्यांची लेखी साक्ष लंडनला धाडली. तिकडं रॉबर्ट हूकनं स्वतः खटपट करून १६७७ च्या नोव्हेंबरमध्ये सोसायटीच्या सभेत ते जीव दाखवले. सगळ्यांनी बघितले. विषय संपला.

१६८० मध्ये रॉयल सोसायटीनं या दुकानदाराला आपला सदस्य करून घेतलं. तो मात्र सदस्य म्हणून सही करायला किंवा सभेला बसायला कधीच लंडनला गेला नाही. डेल्फ्टमध्येच राहिला. पुढं रशियाचा सम्राट पीटर १६९८ मध्ये डेल्फ्टला आला, तेव्हा त्यानं ल्यूवेनहॉकला भेटायला बोलावून भिंगातून रक्ताभिसरण बघितलं.

लोळणारे हिरवे गोळे

त्याच १६९८ च्या उन्हाळ्यात त्याला खंदकाच्या पाण्यात वाळूच्या कणाएवढे हिरवे गोळे दिसले. पाण्यात संथ लोळत जाणारे. हा व्हॉल्वॉक्स. जानेवारी १७०० मधल्या पत्रात त्यानं त्याचं वर्णन लिहिलं.

व्हॉल्वॉक्स येतो हिरव्या शैवालांच्या गटात. या गटातल्या बहुतेकांच्या पेशीला भिंत असते, जमिनीवरच्या झाडांत असतात तीच हरितद्रव्यं असतात आणि साठवलेलं अन्न म्हणजे स्टार्च. म्हणजे आपल्या बटाट्यात असतं तेच. झाडांचे जवळचे नातेवाईक म्हणतात ते यांनाच. क्लॅमिडोमोनास हा या गटातला एकटा राहणारा गडी: एक पेशी, दोन शेपट्या. व्हॉल्वॉक्स म्हणजे तशाच शेकडो-हजारो पेशींनी गोळ्याच्या पृष्ठभागावर मांडलेला संसार. सगळ्यांनी मिळून शेपट्या हलवल्या की गोळा लोळतो. एका पेशीचे जीव एकत्र राहून मोठा जीव कसा बनत गेला असेल, हे समजून घ्यायला आजही शास्त्रज्ञ व्हॉल्वॉक्सकडंच बघतात.

ल्यूवेनहॉकला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. मोठ्या गोळ्याच्या पोटात छोटे गोळे. तो बघत राहिला. काही दिवसांनी मोठा गोळा फुटला आणि छोटे बाहेर पडून पोहायला लागले. तेव्हा बऱ्याच लोकांची समजूत होती की बारीक जीव चिखलातून, कुजक्या पाण्यातून आपोआप तयार होतात. इथं तर त्याच्या डोळ्यांदेखत आईच्या पोटातून पिल्लं बाहेर येत होती. जीव जिवापासूनच जन्मतो, हे त्याचं ठाम मत होतं, आणि त्याला आता आणखी एक पुरावा मिळाला.

पुढच्या काही वर्षांत त्यानं आपल्याच घराच्या शिशाच्या पन्हाळीतलं पाणी तपासलं. पाणी लालसर झालं होतं. त्यात लाल गोल कण होते. पन्हाळ वाळली, तळाची धूळ कोरडी झाली, त्यानं ती जपून ठेवली. नंतर पाणी घातलं तर धुळीतले काही बारीक प्राणी पुन्हा हलायला लागले. ते लाल कण म्हणजे हिमॅटोकॉकस. गंमत अशी की, हाही हिरव्या गटातलाच. पाणी आटू लागलं, ऊन वाढलं की तो जाड कवच घेऊन बसतो आणि आत लाल रंगद्रव्य साठवतो. अ‍ॅस्टाझँथिन हे त्या रंगद्रव्याचं नाव. आज त्यासाठी या शैवालाची मुद्दाम लागवड केली जाते.

म्हणून शैवालाचा गट नुसता रंगावरून ठरवायचा नाही. अभ्यासक पाच गोष्टी बघतात. रंगद्रव्यं कोणती, भिंत कशाची, शेपट्या किती आणि कुठं, अन्न कशाच्या रूपात साठवलंय आणि पेशीत केंद्रक आहे का. पाच उत्तरं मिळाली की गट मिळाला.

त्याच्या यादीच्या पलीकडचे गट

सगळेच गट काही ल्यूवेनहॉकच्या नावावर नाहीत. डायअ‍ॅटमची पहिली स्पष्ट नोंद १७०३ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आली, आणि ती करणाऱ्या इंग्रज गृहस्थानं आपलं नावच छापलं नव्हतं.

डायअ‍ॅटम समजून घ्यायला साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा डबा डोळ्यांसमोर आणा. खालचा डबा आणि त्यावर बसणारं किंचित मोठं झाकण. डायअ‍ॅटमची भिंत अगदी अशीच दोन भागांची, आणि ती सिलिकाची, म्हणजे काच ज्या पदार्थापासून होते त्याची. तिच्यावर बारीक नक्षी, प्रत्येक जातीची वेगळी. रंग सोनेरी-तपकिरी. पेशीचे दोन भाग होताना एकाला झाकण मिळतं, दुसऱ्याला डबा, आणि दोघंही आपल्यासाठी आतला लहान भाग नवा बनवतात. त्यामुळं डबा मिळालेल्याची पिढी दरवेळी लहान होत जाते. फार लहान झाली की लैंगिक पुनरुत्पादनातून पुन्हा मूळ आकार येतो. माहुलीला, प्रीतिसंगमावर किंवा सांगलीच्या घाटावर पाण्यातल्या दगडाला हात लावला की जो तपकिरी बुळबुळीत थर लागतो, त्यात यांचीच गर्दी असते. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून होणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा डायअ‍ॅटमचा मानला जातो. त्यांच्या जुन्या कवचांची माती वापरून आल्फ्रेड नोबेलनं डायनामाइट बनवला. आणि पाण्यात सापडलेला माणूस बुडूनच मेला की मेल्यावर टाकला, हे शोधताना न्यायवैद्यक तज्ज्ञ हाडाच्या मगजात डायअ‍ॅटम शोधतात. क्राइम सिरीज बघणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

दुसरा गट डायनोफ्लॅजेलेट. यांना दोन शेपट्या. एक पेशीच्या कमरेभोवतीच्या खाचेत, दुसरी मागं लोंबणारी. त्यामुळं हे भोवऱ्यासारखे गिरक्या घेत पोहतात. पुष्कळांच्या अंगावर चिलखतासारखे तुकडे असतात. कोकणात रात्री लाटा निळ्या चमकल्याचे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. ती चमक या गटातल्या नॉक्टिल्युकाची. त्याला स्वतःचं हरितद्रव्य नाही, तो दुसऱ्यांना खाऊन जगतो, तरी नातं याच घराण्याशी.

आणि नील-हरित शैवाल? त्यांच्या पेशीत केंद्रकच नाही. म्हणजे ते मुळात जिवाणू, सवयीनं आपण शैवाल म्हणतो. स्पायरुलिनाच्या गोळ्या यांच्यापासून होतात, भाताच्या खाचरात हवेतला नायट्रोजन बांधून देणारेही यांच्यातलेच. पण सांडपाणी आणि खतांमधला नायट्रोजन-फॉस्फरस साचलेल्या पाण्यात आला, वर ऊन तापलं, की यांच्यातल्या काहींचा जाड हिरवा तवंग धरतो, आणि त्यातले काही विषारी असतात. जनावरांना असं पाणी पाजायचं नसतं ते त्यामुळं. म्हणजे पाणी हिरवं झालं एवढं कळून भागत नाही. कोण वाढलंय, हे कळलं तर पाण्याला काय झालंय ते कळतं.

त्याच्यासोबत गेलेलं गुपित

आता या माणसाची दुसरी बाजू. ल्यूवेनहॉकनं जन्मभरात सुमारे ५०० भिंगं घडवली. पण ती कशी घडवायची हे कुणाला शिकवलं नाही. शिष्य केला नाही. लोक घरी यायचे, त्यांना तो साधी उपकरणं दाखवायचा. सर्वांत चांगली स्वतःपुरती ठेवायचा. बघायची खास पद्धतही त्यानं सांगितली नाही. नव्वदाव्या वर्षी, २६ ऑगस्ट १७२३ रोजी तो गेला. शेवटच्या आजारपणातही पत्रं सांगून लिहवून घेत होता.

मग काय झालं? त्यानं रॉयल सोसायटीला ठेवलेली चांदीची २६ उपकरणं पुढच्या काळात हरवली. मारियाच्या मृत्यूनंतर १७४७ मध्ये उरलेल्यांचा लिलाव झाला. शेकड्यांनी असलेल्या उपकरणांपैकी आज जगात जेमतेम डझनभर उरली आहेत. त्यानं पाहिलेले सर्वांत बारीक जीव तितके स्पष्ट बघायला पुढच्या लोकांना शंभरेक वर्षं वाट बघावी लागली. एका माणसाच्या हातात असलेली विद्या त्या माणसाबरोबर गेली, आणि विज्ञान तेवढं थांबलं.

२०२१ मध्ये एक गोष्ट उघड झाली. संशोधकांनी न्यूट्रॉनचा मारा करून, उपकरण न उघडता, त्याच्या सर्वांत ताकदीच्या भिंगाचा आकार तपासला. ते घासून बनवलेलं नव्हतं. काचेची बारीक कांडी ज्योतीत धरून तिच्या टोकाला वितळलेला थेंब गोल होऊ द्यायचा, त्या पद्धतीचं ते निघालं. ही पद्धत रॉबर्ट हूकनं १६६५ च्या आपल्या ग्रंथात छापून टाकली होती. ज्याला आपण साडेतीनशे वर्षं गुपित म्हणत आलो, त्याचा मोठा भाग छापील पुस्तकात उघडा पडला होता. फक्त ते चिकाटीनं करून बघणारे फार थोडे निघाले.

आपल्या नद्यांकडं कोण बघतंय?

तुम्ही म्हणाल, हे सगळं हॉलंडचं झालं. मग इथलं ऐका. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे तरुण प्राध्यापक असताना सह्याद्रीत भटकत होते. १९११ च्या सुमाराला सातारा जिल्ह्यात, कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर तसा जेलीफिश फक्त आफ्रिकेतला माहीत होता. जगभरच्या अभ्यासकांनी दखल घेतली. ज्या पाण्यावरून लोक रोज जा-ये करत होते, त्याच पाण्यात तो होता. पुढं पुण्यात १९४६ मध्ये सुरू झालेल्या संशोधन संस्थेचे ते संस्थापक संचालक झाले, आणि आज ती संस्था त्यांच्याच नावानं ओळखली जाते. तिथं सध्या सह्याद्रीतल्या डायअ‍ॅटमवर काम चालतं आणि नव्या जाती सापडत राहतात. त्याआधी १९५० च्या दशकात एच. पी. गांधी या अभ्यासकानं कोल्हापूर परिसरातल्या गोड्या पाण्यातले डायअ‍ॅटम नोंदवून ठेवले होते. कृष्णा, कोयना, वारणा, वेण्णा, कासचा तलाव, दुष्काळी पट्ट्यातली शेततळी. बघायला पाणी भरपूर आहे, बघणारे मोजके.

उपकरणाचं कारण आता पुढं करता येत नाही. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २०१४ मध्ये फोल्डस्कोप नावाचा घडी घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक जाहीर केला. सामानाचा खर्च एका डॉलरहून कमी. त्यातही एकच बारीक गोल भिंग, ल्यूवेनहॉकच्या धर्तीचं. साधारण १४० पट मोठं दाखवतं आणि मोबाइलचा कॅमेरा त्याला लावता येतो. युग्लीना, डायअ‍ॅटम, व्हॉल्वॉक्स बघायला एवढं पुरतं. आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक फक्त सायन्सवाल्यांसाठी असतो, असा काही कायदा नाही. बी.कॉम.ला असाल तरी बॉटनीच्या सरांना विचारून बघा. फार तर नाही म्हणतील.

शेततळ्यातलं अर्धी बाटली पाणी, किंवा घाटावरच्या दगडाचा खरवडलेला थर, एवढंच सामान. पावसाळ्यात मात्र नदीत उतरायचं नाही. काय दिसलं, कुठलं पाणी, कोणती तारीख, पाण्याचा रंग कसा होता, हे वहीत लिहा. पाच प्रश्नांची उत्तरं शोधा. दर महिन्याला त्याच ठिकाणचं पाणी बघा. वर्षभरात तुमच्याकडं तुमच्या गावच्या पाण्याची अशी नोंद असेल, जी बहुधा दुसऱ्या कुणाकडंच नसेल.

ल्यूवेनहॉककडून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली त्यानं करून दाखवली: आपल्याकडं डिग्री नाही, भाषा नाही म्हणून तो थांबला नाही. आपल्या भाषेत लिहिलं, नीट मोजलं आणि विश्वास बसेना तेव्हा लोकांना बोलावून दाखवलं. दुसरी त्यानं केली नाही, ती तुम्ही करा. जे दिसेल ते आणि जसं दिसलं ते, शेजारच्या बाकावरच्यालाही दाखवा.